गेमचा कॉम्प्युटर, रॅम आणि माझं एक खोटं

दुकानदाराने विचारलं, “सर, कशासाठी पाहिजे कॉम्प्युटर?” आणि मी खोटं बोललो. म्हणालो, “लेकीच्या अभ्यासासाठी.”

लेक शेजारीच उभी होती. अकरावी सायन्सला आहे. तिने माझ्याकडे पाहिलं, काही बोलली नाही आणि काचेच्या कपाटातले माऊस बघत बसली. दुकानदाराने कागद ओढला, कॅल्क्युलेटर बडवला. “अभ्यासाला काय लागतं सर? आठ जीबी रॅमची एक स्टिक टाकू. वाटलं तर पुढे वाढवता येईल. उगाच पैसे कशाला घालवता?”

माणूस प्रामाणिक होता. मी जे सांगितलं त्याचं त्याने योग्य उत्तर दिलं. चूक माझ्या सांगण्यात होती. त्या एका शब्दाने आम्हाला पुढचा महिनाभर कुठे कुठे फिरवलं, ते आज लिहायचं आहे. घरात असा कॉम्प्युटर मागणारं मूल असेल, तर रॅमची माहितीही यात मिळेल. ती मी पुस्तकातून घेतलेली नाही, लेकीकडून शिकलो आहे.

मी उर्दू आणि मराठी शिकवतो. वीस वर्षं खडूत गेली. कॉम्प्युटर म्हणजे शाळेच्या ऑफिसातलं, मार्कशीट भरायचं यंत्र, एवढीच माझी ओळख. मे 2025 मध्ये लेकीचा दहावीचा निकाल लागला. चांगले मार्क मिळाले. काय पाहिजे विचारलं तर म्हणाली, “अब्बू, गेमिंगचा डेस्कटॉप.” मी हसलो, कारण मला वाटलं थट्टा आहे. ती थट्टा नव्हती. तिच्या वहीत यादी तयार होती : प्रोसेसर, मदरबोर्ड, ग्राफिक्स कार्ड, एसएसडी, एसएमपीएस, कॅबिनेट. प्रत्येकासमोर किंमत. आणि रॅमसमोर तीन पर्याय, त्यांच्यापुढे प्रश्नचिन्ह.

मुलाने मागितलं असतं तर मी आधी काय विचारलं असतं? “किती रुपये लागतील?” मुलीने मागितलं तर माझ्या मनात आधी आलं, “लोक काय म्हणतील?” हे लिहायला बरं वाटत नाही, पण खरं आहे.

आमच्या भागातली मुलं संध्याकाळी आमखास मैदानावर क्रिकेट खेळतात. ज्यांना क्रिकेट नको ती गेमिंग कॅफेत जातात, तासावर पैसे देतात आणि रात्री दहाला घरी येतात. कुणी विचारत नाही. माझी लेक त्या कॅफेत जाऊन बसणार नाही, आणि खरं सांगायचं तर मीही पाठवणार नाही. मग तिने खेळायचं कुठे? ती पाचजणींच्या संघात व्हॅलोरंट खेळते. दोघी पुण्याच्या, एक मालेगावची, एक तिची मावसबहीण. आतापर्यंत ती आईच्या जुन्या लॅपटॉपवर खेळायची. लढाई ऐन रंगात आली की चित्र गोठायचं आणि ते परत हलेपर्यंत हिचा खेळ संपलेला असायचा. “माझ्यामुळे संघ हरतो,” असं ती एकदा म्हणाली. त्या दिवशी मला कळलं की ती कॉम्प्युटर मागत नाही, मैदान मागते आहे.

तरी दुकानात मी “अभ्यासासाठी” म्हणालो.

दुकानातून बाहेर पडल्यावर आम्ही चहाच्या टपरीवर थांबलो. ती म्हणाली, “अब्बू, तुम्ही अभ्यास सांगितला म्हणून त्यांनी एक स्टिक सांगितली. गेमसाठी एक स्टिक नक्को.” हा दखनीतला ‘नक्को’ आमच्या घरात फार चालतो. तो मराठीतून दखनीत आला, हे मी वर्गात शिकवतो. त्या दिवशी त्याच शब्दाने लेकीने मला शिकवायला सुरुवात केली.

“मला पेपर तपासण्याच्या भाषेत सांग,” मी म्हणालो. आणि तिने तसंच सांगितलं.

समजा बोर्डाचे पेपर तपासायला आलेत. तपासणारा मास्तर म्हणजे प्रोसेसर. गठ्ठे कपाटात आहेत, ती एसएसडी. तपासायचे पेपर टेबलावर काढून ठेवलेत, ते टेबल म्हणजे रॅम. टेबल किती मोठं, ती रॅमची क्षमता : आठ, सोळा, बत्तीस जीबी. टेबल छोटं असेल तर मास्तराला सारखं उठून कपाटाकडे जावं लागतं. तेच ते गोठणं. आजच्या बहुतेक गेम्सना आठ जीबी अपुरी पडते, कारण विंडोज आणि उघडा ब्राउझरच त्यातला मोठा वाटा खातात. सोळा जीबीत निभतं. बत्तीसमध्ये ऐसपैस होतं.

आता टेबलावरचा पेपर मास्तराच्या हातात देणारा एक शिपाई आहे. तो किती भरभर पेपर देतो, तो वेग. रॅमच्या खोक्यावर 3200, 3600, 6000 असे आकडे असतात ते याचे. एकच स्टिक लावली तर शिपाई एक. दोन स्टिक योग्य जागी लावल्या तर शिपाई दोन, एकाच वेळी दोन्ही हातांत पेपर. याला ड्युअल चॅनल म्हणतात. 3200 ची एक स्टिक सेकंदाला जास्तीत जास्त 25.6 जीबी माहिती पोचवू शकते, दोन स्टिक 51.2 जीबी. म्हणजे सोळा जीबीची एक घेण्यापेक्षा आठ-आठच्या दोन घेतल्या, तर टेबल तेवढंच, शिपाई दुप्पट. गेममधला प्रोसेसर सारखा हात पुढे करून बसलेला असतो, त्याला हा फरक कळतो. टायपिंग करणाऱ्याला कळत नाही. म्हणून “कशासाठी पाहिजे?” हा दुकानदाराचा पहिला प्रश्न असतो आणि म्हणून त्याचं उत्तर खरं द्यायचं असतं.

“आणि हे सीएल काय आहे?” मी तिच्या वहीवर बोट ठेवलं. सीएल 16, सीएल 22, सीएल 30, सीएल 40.

“शिपायाला हाक मारल्यापासून पहिला पेपर हातात येईपर्यंतचा वेळ. पण तो घड्याळाच्या ठोक्यांत मोजलेला असतो आणि प्रत्येक रॅमचं घड्याळ वेगळं. म्हणून नुसता सीएलचा आकडा बघून उपयोग नाही.” मग तिने सूत्र सांगितलं : सीएलला 2000 ने गुणायचं आणि वेगाच्या आकड्याने भागायचं. उत्तर नॅनोसेकंदात येतं. टपरीवरच्या पेपर नॅपकिनवर आम्ही हिशेब मांडला.

डीडीआर4, 3200, सीएल 16 : 10 नॅनोसेकंद. डीडीआर4, 3600, सीएल 18 : तेही 10. डीडीआर5, 6000, सीएल 30 : पुन्हा 10. डीडीआर5, 4800, सीएल 40 : जवळपास 16.7. आणि साधी हिरवी, कसलंही कवच नसलेली डीडीआर4, 3200, सीएल 22 : 13.75.

मी दोनदा तपासलं. नवी, महाग डीडीआर5 आणि जुनी, स्वस्त डीडीआर4, दोघींचा पहिला पेपर हातात यायचा वेळ एकच. फरक पुढच्या ओघात. 6000 च्या दोन स्टिक सेकंदाला 96 जीबीपर्यंत जातात. ज्याच्याकडे तगडं ग्राफिक्स कार्ड आणि नवा प्रोसेसर आहे त्याला तो ओघ कामाला येतो. आणि डीडीआर5 असूनही 4800 सीएल 40 घेतली, तर हाकेला ओ द्यायला ती जुन्या डीडीआर4 पेक्षा मागे. ‘नवीन म्हणजे वेगवान’ हे माझं गृहीतक त्या नॅपकिनवर मोडलं.

वर्गात मी शब्दांची कुळं सांगतो. उर्दूत स्मरणशक्तीला हाफिज़ा म्हणतात. जो जपून ठेवतो तो हाफिज़, त्याच धातूतला शब्द. या रॅमबद्दल वाचताना एक गोष्ट कळली, ती मला फार आवडली. आयबीएम कंपनीत रॉबर्ट डेनार्ड नावाच्या अभियंत्याने 1966 मध्ये या प्रकारच्या स्मृतीची कल्पना मांडली. एक बिट म्हणजे एक सूक्ष्म कपॅसिटर, त्यात थोडासा विद्युतभार. पण हा भार गळतो. भांड्याला भोक असावं तसा. म्हणून डीडीआर4 रॅम आपला प्रत्येक कप्पा साधारण 64 मिलीसेकंदांत एकदा तरी परत भरून घेते. सेकंदाला पंधरा वेळा उजळणी! उजळणी थांबली की सगळं विसरली. पाठांतर करणाऱ्या कुणालाही विचारा, पाठ होणं अवघड नसतं, पाठ राहणं अवघड असतं. यंत्राचंही तेच आहे.

आता पैशांकडे येतो. जून 2025 मध्ये लेकीच्या यादीतल्या बत्तीस जीबी डीडीआर5 च्या जोडीचा दर आम्हाला साडेनऊ हजारांच्या आसपास सांगितला होता. माझ्याकडे भिशीचे सत्तर हजार ऑगस्टमध्ये येणार होते. पण शाळेतल्या एका सहकाऱ्याच्या घरी लग्न निघालं. त्यांनी नंबर मागितला, मी दिला. माझा नंबर डिसेंबरवर गेला. “चार महिन्यांत काय फरक पडतो?” मी घरी म्हणालो.

डिसेंबरमध्ये त्याच जोडीचा दर अठ्ठावीस हजार सांगितला.

मला वाटलं, दुकानदार लुटतोय. दुसऱ्या दुकानात गेलो. समर्थनगर झालं, कॅनॉट झालं. मुंबईतल्या ओळखीच्या माणसाला लॅमिंग्टन रोडवर चौकशी करायला लावली. तिथेही तेच. लेकीने कारण सांगितलं आणि मग मीही वाचलं. जगातली बहुतेक रॅम तीन कंपन्यांच्या चिपवर चालते : सॅमसंग, एसके हायनिक्स आणि मायक्रॉन. कृत्रिम बुद्धिमत्तेची जी मोठमोठी केंद्रं उभी राहताहेत त्यांना एचबीएम नावाची खास रॅम लागते. तेवढ्याच जीबीसाठी एचबीएम साध्या डीडीआर5 च्या सुमारे तिप्पट सिलिकॉन खाते. कारखाने तेच, मागणी तिकडे, भाव तिकडे. मग घरगुती गिऱ्हाइकाच्या वाट्याला उरेल ते आणि मिळेल त्या भावात. डिसेंबर 2025 मध्येच मायक्रॉनने आपला ‘क्रुशल’ हा घरगुती ग्राहकांचा धंदा बंद करत असल्याचं जाहीर केलं. ‘क्रुशल’ हे नाव लेकीच्या पहिल्या यादीत होतं. तिने त्यावर काट मारली, तेव्हा तिचा चेहरा बघण्यासारखा झाला होता.

अमेरिकेत कुणीतरी यंत्राला बोलायला शिकवतो आणि त्याची किंमत किराडपुऱ्यातल्या भिशीला मोजावी लागते. हे जग असं जोडलेलं आहे, हे मी इतक्या वेळा ऐकलं होतं. पावतीवर पहिल्यांदा वाचलं.

त्या रात्री घरात आम्ही तिघं बसलो. बायको, लेक आणि मी. पर्याय तीन होते.

पहिला : डीडीआर5 चाच नवा मदरबोर्ड घ्यायचा आणि आत्तापुरती सोळाची एकच स्टिक टाकायची. एका दुकानदाराने हेच सुचवलं होतं. वर म्हणाला होता, “डीडीआर5 मध्ये एका स्टिकमध्येच दोन चॅनल असतात.” लेक म्हणाली, हे अर्धं खरं आहे. एका स्टिकची वाट आतून दोन भागांत विभागलेली असते, पण दोन्ही मिळून रुंदी तेवढीच, 64 बिट. एका शिपायाने दोन खिशांत पेपर ठेवले म्हणून शिपाई दोन होत नाहीत.

दुसरा : जोडी घ्यायचीच आणि त्यासाठी ग्राफिक्स कार्ड हलकं घ्यायचं. हे तिने स्वतःच नाकारलं. ज्याच्याकडे वेगळं ग्राफिक्स कार्ड आहे त्याच्या बहुतेक गेम्समध्ये चित्र कार्डच काढतं, आणि रॅमसाठी कार्ड कापणं म्हणजे जिन्यासाठी घर विकणं.

तिसरा : एक पिढी मागे जायचं. एएमडीचा रायझन 5 5600 प्रोसेसर, एएम4 चा मदरबोर्ड आणि डीडीआर4 ची आठ-आठची जोडी, 3200, सीएल 16. तिचाही भाव वाढला होताच. जूनमध्ये साडेतीन हजारांच्या आत असलेली जोडी आता साडेआठ हजारांना होती. पण ती बसत होती. तोटा हा, की एएम4 ही 2016 मध्ये आलेली बैठक आहे. 2022 मध्ये आलेल्या एएम5 वर फक्त डीडीआर5 चालते. दोन्ही स्टिकना 288 पिना असल्या तरी मधली खाच वेगळ्या जागी असते, एकीत दुसरी बसतच नाही. उद्या पुढे जायचं म्हटलं तर मदरबोर्ड, प्रोसेसर, रॅम, तिन्ही बदलावं लागणार.

“तुला पुढचं मागे टाकल्यासारखं नाही ना वाटत?” मी विचारलं.

ती म्हणाली, “अब्बू, दहा नॅनोसेकंद आहेत ना? मग पुरे.”

आम्ही तिसरा पर्याय घेतला. उरलेल्या पैशांत चांगला यूपीएस बसला, आणि आमच्या गल्लीतली वीज ज्यांना माहीत आहे त्यांना तो किती गरजेचा आहे हे सांगायला नको.

या वेळी दुकानात त्या माणसाने विचारलं, “सर, कशासाठी पाहिजे?” मी म्हणालो, “लेक गेम खेळते. संघात खेळते.” त्याने माझ्याकडे न बघता तिच्याकडे बघितलं आणि विचारलं, “कोणता गेम?” त्यानंतर अर्धा तास मला कुणी विचारलं नाही. दोघं बोलत होते. त्याने एक चमकणारी, सात रंगांच्या दिव्यांची जोडी दाखवली, हजारभर जास्त. लेकीची नजर तिच्यावर थांबली, हे मी पाहिलं. मग तिने विचारलं, “सीएल किती?” तो म्हणाला, “अठरा.” तिने साधी काळी जोडी उचलली. मी मनात म्हटलं, आपण हिला लग्नाचे कपडे घ्यायलाही हिच्यासोबतच जावं.

कॉम्प्युटर घरी आला. खोक्यावरच्या पत्त्यात छत्रपती संभाजीनगर, अम्मीच्या तोंडी औरंगाबाद. तिने दुरूनच फुंकर घातली. संध्याकाळी लेकीने तो सुरू केला, टास्क मॅनेजर उघडला आणि गप्प झाली.

रॅमचा वेग 2133 दिसत होता. आम्ही पैसे 3200 चे दिले होते. दुसऱ्या एका छोट्या प्रोग्राममध्ये तिने पाहिलं, चॅनल एकच चालू. जोडी होती, पण दोन्ही स्टिक एकाच चॅनलच्या शेजारशेजारच्या खाचांत बसवल्या होत्या. दोन्ही शिपाई एकाच दारात उभे!

“उद्या दुकानात नेऊ,” मी म्हणालो.

“मी करते,” ती म्हणाली.

तेवढ्यात तिचे मामू आले. त्यांना कॉम्प्युटरची बातमी लागली होतीच. खोलीत येऊन बघतात तो काय, कॅबिनेटची एक बाजू उघडी, स्क्रू फरशीवर, आणि भाची गुडघ्यावर बसलेली. “दूल्हाभाई, हे काय? साठ-सत्तर हजारांचा सामान पोरीच्या हातात?”

माझ्या पोटात गोळा आलाच होता. हात पुढे करून तिला थांबवावं असं मलाही वाटत होतं. पण थांबवलं असतं तर ते कॉम्प्युटरच्या काळजीपोटी की मामूंच्या बोलण्यापोटी, हे मला स्वतःला सांगता आलं नसतं. म्हणून मी हात मागे घेतला आणि टॉर्च धरली.

तिने प्लग काढला, पॉवरचं बटन दाबून उरलेला करंट जाऊ दिला. कॅबिनेटच्या लोखंडाला हात लावला. हिवाळ्यात हवा कोरडी असते, अंगात स्थिर वीज साठते, ती चिपला मारू शकते. मग खाचांच्या टोकाचे चिमटे मागे केले, दोन्ही स्टिक वर काढल्या आणि प्रोसेसरपासून मोजून दुसऱ्या आणि चौथ्या खाचेत बसवल्या. चार खाचांच्या बहुतेक मदरबोर्डवर दोन स्टिकची जागा हीच असते, बोर्डच्या पुस्तिकेतही लिहिलेली असते.

बटन दाबलं. पंखे फिरले. पडदा काळा.

एक मिनिट गेलं. मामू म्हणाले, “मी म्हणत होतो.” बायको दारात येऊन उभी राहिली. लेकीच्या कपाळावर घाम होता, डिसेंबरात. तिने वाकून बोर्डकडे पाहिलं. एका कोपऱ्यात बारीक लाल दिवा जळत होता आणि त्याच्याजवळ ‘डीरॅम’ अशी इंग्रजी अक्षरं छापलेली. “एक स्टिक नीट बसली नाही,” ती म्हणाली. पुन्हा प्लग काढला. अंगठ्याने जोर दिला. टक् असा आवाज आला. तो आवाज आधी एकदाच आला होता, दोनदा यायला हवा होता. हे तिच्या लक्षात आलं, माझ्या आलं नसतं.

पडद्यावर अक्षरं आली. मग बायोसमध्ये जाऊन तिने एक्सएमपी नावाचं प्रोफाइल चालू केलं. रॅम कितीही वेगवान घ्या, हे चालू केल्याशिवाय ती बहुधा सावध, सर्वांना चालणाऱ्या हळू वेगाने पळते. एएमडीच्या नव्या डीडीआर5 वर याच कामाला एक्स्पो म्हणतात. कितीतरी घरांत लोक महाग रॅम घेतात आणि वर्षानुवर्षं ती अर्ध्या झोपेत चालवतात, फक्त हे एक बटन माहीत नाही म्हणून. आता टास्क मॅनेजरमध्ये 3200 दिसलं. दुसऱ्या प्रोग्राममध्ये 1600 दिसलं तेव्हा मी घाबरलो. ती म्हणाली, ते बरोबर आहे. घड्याळाच्या प्रत्येक ठोक्याला दोनदा माहिती जाते, म्हणून दुप्पट धरायचं. रात्रभर मेमरीची तपासणी लावून ठेवली. फजरला उठलो तर पडद्यावर चुका शून्य.

फरक किती पडला, असं विचाराल तर सरासरी आकडा थोडाच वाढला, असं ती सांगते. पण ऐन लढाईत मध्येच होणारी घसरण थांबली. खेळणाऱ्याला तेच पाहिजे असतं.

इथे घेणाऱ्यांसाठी दोन गोष्टी सांगून ठेवतो. ज्यांना वेगळं ग्राफिक्स कार्ड परवडत नाही आणि जे प्रोसेसरमधल्याच ग्राफिक्सवर खेळणार आहेत, त्यांनी रॅममध्ये काटकसर करू नये. तिथे चित्र काढणाराही त्याच टेबलावर बसतो, म्हणून दोन स्टिक आणि चांगला वेग यांचा फायदा सगळ्यांत जास्त त्यांनाच. आणि सुरुवातीलाच जोडी घ्या, एकाच खोक्यातली. आज एक, सहा महिन्यांनी दुसरी असं केलं तर दोघींचं जमेलच असं नाही.

मामू त्या रात्री जेवायला थांबले. जेवताना म्हणाले, “दूल्हाभाई, ऑनलाइन गेम म्हणजे जुगारच ना? सरकारने बंदी घातली म्हणतात.” त्यांची चूक नाही, बरेच लोक असंच समजतात. मी सांगितलं, ऑगस्ट 2025 मध्ये संसदेने जो कायदा केला त्यात पैसे लावून खेळायच्या खेळांवर बंदी आहे. ई-स्पोर्ट्सला त्याच कायद्याने मान्यता दिली आहे. हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत ई-स्पोर्ट्सला पदकं होती. मामू म्हणाले, “हौ, ते ठीक. पण लोकांना काय सांगायचं? अभ्यासासाठी घेतला म्हणून सांगा.”

लेक ताटात बघत होती. मी म्हणालो, “गेमसाठी घेतलाय. अभ्यासही करते त्यावर. पण घेतला गेमसाठी.”

मामू काही बोलले नाहीत. पटलं असं मी म्हणणार नाही, अजूनही पटलेलं नाही. बायकोने त्यांना आणखी एक पोळी वाढली. नियम आम्ही ठरवले आहेत : रात्री दहानंतर बंद, परीक्षेच्या महिन्यात फक्त शुक्रवार-रविवार. ती पाळते. एखाद्या वेळी पाळत नाही, तेव्हा भांडण होतं, जसं आमखासवरून उशिरा येणाऱ्या मुलांच्या घरी होतं.

परवा वर्गात एका मुलीने हळूच विचारलं, “सर, आपा गेम खेळते असं ऐकलं. तिच्या कॉम्प्युटरला रॅम किती आहे?”

“सोळा,” मी म्हणालो, “आठ-आठच्या दोन.”

“सीएल?”

मी खडू खाली ठेवला. मागच्या बाकावरच्या मुलांनी वर पाहिलं. मी फळ्यावर सूत्र लिहिलं. त्या दिवशी मराठीचा धडा दहा मिनिटं उशिरा सुरू झाला.